आजीपणाची फारकत होत नसते

आई,

अजूनही आईच म्हणते. दुसरं काही म्हणायला जीभ वळत नाही, आणि तुम्हीही कधी अडवलं नाही.

पोळा झाला, महालक्ष्म्या जेवल्या, तरी तुमचा फोन नाही. सोंगणीची घाई असेल, कळतं मला. पण अनसिंग ते वाशीम किती लांब आहे हो? शेजारणीला म्हणालात म्हणे, "आता कोणत्या तोंडानं जाऊ?" ज्या तोंडानं नातीला भुलाबाईची गाणी शिकवलीत, त्याच तोंडानं या! गल्लीत भुलाबाई बसल्यात. पोरगी दोन-तीन गाण्यांनंतर अडते. पुढची सगळी तुमच्यापाशी राहिली आहेत.

तारखांचे दिवस आठवतात? मी कोर्टाच्या बाकावर आणि ती तुमच्या ओसरीत. "आई आवडते का बाबा?" असं तिला विचारणाऱ्या बाईला तुम्ही तिथून उठवलं होतं. लेकाची बाजू तुम्ही घेतली, घेणारच, पोटचा आहे तो. पण माझ्याबद्दल वावगा शब्द तिच्या कानावर पडू दिला नाहीत. माझ्या माहेरच्यांना हे जमलं नाही. तिचं घर बदललं, शाळा बदलली. तुमच्याकडची जेवणाची वेळ आणि आबांशेजारचं अंथरूण मात्र होतं तसंच राहिलं. त्या आधारावर लेकरू तरलं, आई.

मग निकाल लागला आणि तुम्हीच मागं सरलात. का?

कागदावर तिच्या बाबाचे रविवार आहेत, तुमचं नाव नाही, हे खरं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ मध्ये लेकरांचा ताबा, पालनपोषण, शिक्षण सगळं आहे; आजी-आजोबांचा उल्लेख नाही. विधी आयोगानं २०१५ च्या २५७ व्या अहवालात त्यांच्या भेटींचाही विचार केला होता. फ्रान्सच्या नागरी कायद्यात तर आजी-आजोबांशी नातं राखणं हा लेकराचा हक्क म्हणून लिहिला आहे. लेकराचा, आई! तुम्ही संकोचानं घरी बसता, तेव्हा तुमच्या नातीच्या हक्काचं जातं.

परवा तिनं विचारलं, "बाबा आता तुझे कोणी नाहीत, मग आजी माझी कोण?" मी म्हटलं, आजीच. पण हे माझ्या तोंडून ऐकून तिचं समाधान होत नाही. ते तुम्हीच येऊन पटवायचं आहे.

कोजागिरीच्या आधी या, मुक्कामाला या. आबांनाही आणा. रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा, ती झोपल्यावर. लेक काय म्हणेल याची चिंता करू नका. त्याला मी फोन केला होता. तो म्हणाला, "आईला जाऊ दे, मीच बसमध्ये बसवून देतो." बाकी कशात जमलं नाही आमचं, पण या एका गोष्टीवर आम्हा दोघांचं एकमत आहे.

तुमच्या नातीची आई