पाणी कुठनं येतंय?

सिव्हिलला ॲडमिशन मिळाली, की घरच्यांना वाटतं, पोरगा आता घरातली सगळी गळती थांबवणार! माझ्याही नशिबी ते आलंच.

आमचं घर साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या उतारावर. खाली तळघर, त्यात बाबांच्या दुकानाचा माल. जुलैचा पाऊस लागला, की डोंगराकडचं पाणी अंगण ओलांडून थेट जिन्यानं खाली! डाळीची पोती भिजायची. बाबा काही न बोलता रात्रभर बादल्या उपसायचे. आतून वॉटरप्रूफिंगचं प्लॅस्टर दोनदा झालं. पैसे गेले, पाणी राहिलं.

शेवटी गल्लीतल्या गवंडीकाकांना बोलावलं. त्यांनी भिंतीकडे बघितलंसुद्धा नाही. भर पावसात छत्री घेऊन घराच्या वरच्या अंगाला उभे राहिले आणि म्हणाले, "इंजिनियरसाहेब, पाणी कुठनं येतंय ते आधी बघा की!"

मग भिंतीपासून सहा फूट सोडून चर खणला. ४० फूट लांब, फूटभर रुंद, दीड फूट खोल. पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल धरली. उतार शंभराला एक, म्हणजे ४० फुटांत जवळजवळ ५ इंच. तळाला, बाजूंना सिमेंट, वर लोखंडी जाळी, तोंड खालच्या रस्त्याच्या गटारात. शिवाय जिन्याशी सहा इंचांचा उंबरा. पुढच्या जुलैत तळघर कोरडं! आई म्हणाली, "फी वसूल झाली." (श्रेय अर्थात गवंडीकाकांचं!)

सांगलीला हॉस्टेलवर ही गोष्ट रंगवून सांगितली, तर इथलाच रूममेट हसायला लागला. "आमच्याकडं तुझा चर उलटा चालतो," म्हणाला. त्याच्या काकांचं दुकान नदीजवळ. इथे जमीन सपाट. गटार नाल्याला, नाला कृष्णेला. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांवर इशारा पातळी, ४५ वर धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. नदी नाल्याच्या तोंडापेक्षा वर चढली, की पाणी त्याच वाटेनं मागे फिरतं. रस्ता कोरडा असतानाच काकांचं तळघर गटारातून भरलं! अशा ठिकाणी चराच्या तोंडाला एकाच बाजूला उघडणारी झडप लागते, आणि झडप मिटल्यावर आत साठणाऱ्या पाण्याला पंप. रस्त्यावरूनच पूर आला, तर तेही व्यर्थ. काका आता पावसाळ्यात तळघरात मालच ठेवत नाहीत.

त्या रात्री नकाशा काढून बसलो. आमच्या गटारातलं पाणी वेण्णेला, संगम माहुलीला वेण्णा कृष्णेला, कराडला कोयनेची भर, आणि पुढे... सांगली! म्हणजे आम्ही दिमाखात घराबाहेर काढलेलं पाणी काकांच्याच दाराशी येणार की! आमचं पाणी ते केवढं, हे कळतं. पण असे उतार अन् अशी अंगणं किती?

मित्रांनो, व्हायवाला सर चराचा उतार विचारतात. तो पाठ आहे. पाणी जाणार कुठं, हे मात्र रूममेटनं शिकवलं. दिवाळीच्या सुट्टीत घराच्या खालच्या बाजूला, परसातल्या मुरमात शोषखड्डा घ्यायचा ठरवलाय. सगळं पाणी त्यात मावणार नाही. मावेल तेवढं तरी साताऱ्यात मुरू दे!