पोर्तोबेलोतील तीन आठवडे

पनामाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरील पोर्तोबेलो हे गाव वर्षातील बहुतेक दिवस झोपलेले असते. आमचा मुलगा तेथून जवळच, कोलोनच्या मुक्त व्यापार क्षेत्रात नोकरीस आहे. “वसईची वाडी विकून टाका आणि इकडेच या,” असा त्याचा दोन वर्षे आग्रह होता. निर्णयापूर्वी देश तरी पाहावा म्हणून आम्ही उभयता गेलो. आणि शहराच्या गजबजाटाला कंटाळून ऑक्टोबरातील तीन आठवडे या गावी एका वृद्ध विधवेच्या घरी खोली घेऊन राहिलो.

सकाळी पाऊस, दुपारी पाऊस. मधल्या उघडिपीत किल्ल्याच्या तटावर काळी गिधाडे पंख पसरून ऊन खात बसत. प्रवाळाच्या दगडांचे बुरूज, गंजलेल्या तोफा आणि त्यांच्या तोंडासमोर निवांत डुलणाऱ्या होड्या. वसईच्या किल्ल्यात खेळून वाढलेल्या माणसास हे सारे ओळखीचे वाटावे! कोलंबसाने १५०२ साली या बंदरास ‘सुंदर बंदर’ असे नाव दिले. पुढे पेरूची चांदी खेचरांच्या पाठीवरून येथे येऊ लागली. जत्रेच्या दिवसांत तिच्या राशी रस्त्यात पडलेल्या असत म्हणे. १७३९च्या नोव्हेंबरात व्हर्नन या इंग्रज सेनानीने सहा जहाजांनिशी हे बंदर घेतले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेने वसई घेतली होती. नंतर स्पॅनिश व्यापार केप हॉर्नच्या मार्गाने वळला, आणि पोर्तोबेलोने डोळे मिटले. त्या तटावर बसले असता आम्हांला दूरचा कुणी नातलग भेटल्यासारखे उगाचच वाटे.

गावच्या सान फेलिपे चर्चमध्ये खांद्यावर क्रूस घेतलेल्या येशूची काळ्या वर्णाची लाकडी मूर्ती आहे. लोक तिला ‘काळा ख्रिस्त’ म्हणतात. आख्यायिका अशी की, मूर्तीची पेटी घेऊन जहाज कार्ताहेनाकडे निघाले की वादळ उठे. अखेर खलाशांनी पेटी समुद्रात टाकली आणि ती गावकऱ्यांच्या हाती लागली. वांद्र्याच्या मोतमाउलीची मूर्तीही कोळ्यांना समुद्रातच सापडली, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. समुद्रकाठच्या भाविकांना देव समुद्रातूनच यावासा वाटतो की काय, न कळे.

एकवीस ऑक्टोबरला मात्र गाव खडबडून जागे झाले. हजारो माणसे जांभळे झगे घालून पायी आली. काहींनी नवस फेडण्यासाठी शेवटचे अंतर गुडघ्यांवर रांगत कापले. त्यांच्या आप्तांनी पुढे पुढे पुठ्ठे अंथरले होते. रात्री आठच्या सुमारास मूर्ती बाहेर निघाली. खांदेकरी तीन पावले पुढे टाकीत आणि दोन मागे. मूर्ती परत वेदीकडे आली तेव्हा मध्यरात्र होत आली होती. आमचा मुलगाही त्या संध्याकाळी आला होता. घरमालकीणबाईंची पाचही मुले नातवंडांसह आली; घरात पाय ठेवावयास जागा उरली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सारे पांगले. बाई ओसरीवरचे मेण खरवडीत बसल्या होत्या. सामान गाडीत भरता भरता मुलाने त्यांना स्पॅनिशमध्ये काही विचारले. त्यांनी हातातले काम न थांबवता उत्तर दिले. मुलगा गप्प झाला.

“काय म्हणाल्या रे?” त्याच्या आईने विचारले.

“मी विचारलं, एकट्या कशाला राहता, मुलांकडे का जात नाही?” तो क्षणभर थांबला. “म्हणाल्या, मी गेले तर एकवीस तारखेला पोरं कुणाच्या घरी येतील?”

कोलोनपर्यंतच्या वाटेत वाडीचा विषय त्याने काढला नाही. सबानितासच्या फाट्यावर पुन्हा पाऊस लागला. काच पुसता पुसता त्याने विचारले, “पपा, विहिरीकाठच्या रामफळीला अजून फळं लागतात?”

लागतात, असे आम्ही सांगितले.