न फिटलेलं देणं

आमच्या निफाडात पैसा यायचा तो उसना. सोसायटीचं पीककर्ज, औषधाच्या दुकानातली उधारी, व्यापाऱ्याची उचल. द्राक्षं गेली की फेडायचं, गारपीट झाली की पुन्हा काढायचं. म्हणून पुण्याच्या एका छोट्या गुंतवणूक फंडातल्या सरांनी माझ्या नव्या कंपनीत पैसे घालायची तयारी दाखवली, तेव्हा मी आधी विचारलं, "व्याज किती?"

"व्याज नाही, हिस्सा," सर म्हणाले. "कंपनी बुडाली तर माझेही बुडाले."

वडील म्हणाले, "असा पैसा देणारा माणूस नीट समजून घे." मी समजून घेतलं नाही. मला फक्त पैसा दिसत होता.

माझं यंत्र साधं होतं. द्राक्षाचं पान किती तास ओलं राहिलं हे मोजायचं आणि डाऊनी रोगाचा धोका असेल तेव्हाच शेतकऱ्याला निरोप द्यायचा. नको त्या फवारण्या वाचाव्यात, एवढीच कल्पना. ऑक्टोबर छाटणीला ४० बागांत या यंत्राच्या पेट्या लावल्या. महिन्याभरात १४ पेट्या चुकू लागल्या. औषधाचा थर सेन्सरवर बसे आणि कोरडं पानही ओलं दिसे. वाचायच्या त्या फवारण्या उलट वाढल्या. सरांना जाणाऱ्या अहवालात मी मात्र 'सर्व पेट्या चालू' असं लिहीत राहिलो. चालू होत्याच त्या. खोटं सांगत होत्या, आणि मीही.

जानेवारीत सर न कळवता आले. कडाक्याची थंडी होती, बागांतून पहाटेच्या शेकोट्यांचा धूर निघत होता. त्यांनी एका पेटीवरून बोट फिरवलं, पांढरं झालेलं बोट मला दाखवलं.

"पैसे बुडतील हे मी धरूनच आलो होतो," ते म्हणाले. "तुम्ही दोन महिने लपवाल, हे धरलं नव्हतं. नोव्हेंबरात फोन केला असता तर हे काम येणारा माणूस पाठवला असता."

मला वाटलं, आता उठून जातील. ते आमच्या ओट्यावर बसले, वही मागितली. शिल्लक किती, कुणाचं किती द्यायचं, आधी कुणाचं, हे माझ्याकडूनच लिहून घेतलं. सगळ्यात वर पेट्यांसाठी घेतलेली शेतकऱ्यांची अनामत.

त्या रात्री बोलता बोलता रानड्यांचा विषय निघाला. न्यायमूर्ती रानडे १८४२ साली निफाडला जन्मले, एवढंच मला शाळेतल्या जयंतीमुळे ठाऊक. त्यांनी १८९० मध्ये पुण्याच्या औद्योगिक परिषदेत डचांच्या जावातल्या लागवड पद्धतीवर निबंध वाचला, उद्योगाला भांडवल आगाऊ मिळावं लागतं हे त्यातून मांडलं, हे मला पुण्याच्या या माणसाकडून कळलं.

आणखी एक हंगाम काढून कंपनी बंद झाली. अनामत परत गेली, कामावरच्या दोन्ही मुलांचे पगार चुकते झाले. शेवटच्या कागदावर सरांच्या नावापुढे शून्य होतं. त्यांनी सही केली आणि विचारलं, "जेवायला काय आहे?"

२०२२ मध्ये मोहाडीच्या सह्याद्री फार्म्स या शेतकऱ्यांच्या कंपनीत नेदरलँड्स, बेल्जियम आणि फ्रान्सच्या गुंतवणूकदारांनी ३१० कोटी रुपये घातले. पूर्वीचा मी असतो तर फक्त आकडा वाचला असता. त्यामागे विलास शिंदे आणि शेतकऱ्यांनी २०१० पासून उभं केलेलं काम आहे, हे मला दिसलं ते सरांमुळे. दर वर्षी कुणीतरी खरा हिशेब समोर ठेवला असेल, तेव्हा परका माणूस विश्वासाने आला असेल.

आज मी नोकरी करतो. महिन्याच्या अहवालात बिघडलेली गोष्ट पहिल्या ओळीत लिहितो. कायद्याने मी सरांचा एक रुपयाही देणं लागत नाही. उसने असते तर कधीच फेडून मोकळा झालो असतो.

द्राक्षाचा हंगाम सरला की वडील अजून विचारतात, "पुण्याच्या त्या सरांचं फिटलं का रे?"

मी नाही म्हणतो.