चौकात दगड नको म्हणणाऱ्या काकू

हायवेवरच्या आपल्या चौकासाठी मी एक चित्र काढलंय. फायबरचा बैल नाही, रंगीत कारंजं नाही, 'आय लव्ह उमरगा' तर नाहीच. ती अक्षरं आता गावोगाव आहेत, फक्त नाव बदलतं. माझ्या चित्रात काळ्या दगडाची गुडघाभर उंच, वळणावळणाची भिंत आहे, आपल्या महादेव मंदिराच्या बाहेरच्या भिंतीसारखी कोनाकोनांनी पुढेमागे होणारी. मधोमध गुऱ्हाळातल्या जुन्या चरकाचे लोखंडी रोलर. मुरूम, समुद्राळचे कारखाने आत्ताचे, त्याआधी या भागात ऊस म्हणजे चरक आणि काहील.

चित्र शेजारच्या काकूंना दाखवलं. त्यांचं माहेर सास्तूरचं. म्हणाल्या, "बाकी चांगलंय, पण दगड नको रे बाबा."

मी गप्पच झालो. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट ज्यांनी पाहिली, त्यांना 'दगडी सौंदर्य' वगैरे काय सांगणार? माणसं घरच्याच भिंतींखाली गेली.

दुसऱ्या दिवशी मंदिरात जाऊन बसलो. चालुक्यांच्या काळातलं बांधकाम. घडीव दगडावर घडीव दगड, चुन्याशिवाय, एकमेकांत नीट बसवलेले. आपली जुनी घरं तशी नव्हती हो. आतून एक तोंड, बाहेरून एक तोंड, मध्ये गोटे आणि माती. दोन्ही तोंडांना बांधून ठेवणारा आरपार दगडच नाही, वर माळवदाचं मणामणाचं ओझं. जमीन हलली तशी भिंत उभी फाटली. म्हणजे दोष दगडाचा नव्हता, बांधणीचा होता. नंतर इंजिनिअर लोकांनीही हेच सांगितलं.

म्हणून चित्र बदललं. आता भिंतीचं एक टोक मुद्दाम उघडं ठेवलंय, आरपार दगड कसा बसतो ते येता-जाता पोराटोरांना दिसावं म्हणून. काम दगड घडवणाऱ्या इथल्याच माणसांनी करावं, असा माझा हट्ट आहे. फायबर बाहेरून येतं आणि चार उन्हाळ्यांत त्याचं पोपडं निघतं.

काकूंना नवं चित्र दाखवलं. बराच वेळ पाहिलं त्यांनी. मग विचारलं, "एसटीची वाट बघत यावर बसता येईल का?"

येईल, काकू. उंची तेवढीच ठेवलीय.

आता चरक हवाय. कुणाच्या बांधावर जुना गंजत पडला असेल तर खाली फोटो टाका. भंगारवाल्याला देऊ नका.