वाघीण घ्यावी की जीप?

पाथर्डीला रेल्वेचे स्टेशन नाही. नगरहून बीडला जाणारी आगगाडी १७ सप्टेंबर २०२५ रोजी सुरू झाली खरी, परंतु ती गेली डोंगरापलीकडच्या आष्टीवरून. आम्ही पाथर्डीकर पूर्वीप्रमाणेच एस.टी.च्या स्टँडावर उभे राहिलो. अशा गावातल्या एका मराठीच्या प्राध्यापकाने स्टेशन वॅगन घ्यावी की जीप घ्यावी, या प्रश्नावर घरात तीन महिने खल चालावा, यातली गंमत माझ्या ध्यानात जरा उशिराच आली.

स्टेशन वॅगन म्हणजे मूळची अमेरिकेतली स्टेशनावरची गाडी. आगगाडीतून उतरलेली माणसे आणि त्यांच्या पेट्या उचलून मुक्कामाला पोचवणारी. म्हणून बैठी, लांबट आणि पाठीमागे सामानाला ऐसपैस जागा असलेली. आपल्याकडे या शब्दाची आणखी एक मौज झाली आहे. इंग्रजांच्या मालगाडीच्या 'वॅगन'ची मराठी माणसाने केव्हाच 'वाघीण' करून टाकली! आमच्या आईला 'वॅगन' हा उच्चार जमेना, तेव्हा तिनेही कोणाला न विचारता तोच रस्ता धरला. घरात 'वाघीण' म्हणूनच ती ओळखली जाऊ लागली, आणि ती दाराशी यायच्या आधीच तिचे बारसे झाले.

खरे पाहता अस्सल वॅगन आता आपल्या रस्त्यांवरून जवळजवळ नाहीशीच झाली आहे. पुण्याच्या टाटांनी १९९२ मध्ये 'इस्टेट' नावाची देखणी वॅगन काढली, २००४ मध्ये 'इंडिगो मरीना' काढली. पण लोकांनी त्या दोघींना फारसे मनावर घेतले नाही. मधल्या काळात १९९४ मध्ये त्याच कारखान्यातून आलेली 'सुमो' मात्र खेड्यापाड्यांत अशी पसरली, की सुमंत मुळगावकर यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ते नाव आले आहे हे ठाऊक नसलेल्यांनीही तिच्या टपावर बसून प्रवास केला. आमच्या लोकांना उंच गाडीचे वेड आहे, ते काही आजचे नाही. महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली, ती स्वातंत्र्याच्या आगेमागे. पुढे खेड्यात जीप आली म्हणजे साहेब आला, पुढारी आला, नाही तर मतपेटी आली. माणूस खाली उभा आणि गाडीतला वर बसलेला, हे चित्र आमच्या डोळ्यांत तेव्हापासून ठसले आहे. आज त्या जीपच्या नातवंडांना एस.यू.व्ही. म्हणतात, त्या पांढऱ्याशुभ्र असतात आणि त्यांच्या मागच्या काचेवर कोणा ना कोणा 'दादा'चे नाव असते. वॅगनच्या वंशात उरली आहे ती आखूड, उभट, डब्यासारखी छोटी मोटार. लांबी गेली, नाव राहिले. आमच्यापुढे होती ती हीच.

घरात दोन पक्ष पडले. जीपच्या पक्षात आमचे मेहुणे, चिरंजीव आणि (आतून) मी. वॅगनच्या पक्षात सौभाग्यवती. कारण हप्त्यांचा हिशेब तिच्या वहीत असतो. कन्या अकरावीत होती, तिने तटस्थ राहण्याचे जाहीर केले आणि दोन्हीकडून आइस्क्रीम खाल्ले. मेहुण्यांचे म्हणणे थोडक्यात असे : "भावजी, प्राध्यापक माणसाने डब्यातून यावे हे बरे दिसत नाही." यावर मी हसलो, पण ते वाक्य मला लागले होते, हे आज कबूल करायला हरकत नाही.

परंतु हा प्रश्न दिसण्याचा नव्हता. आई वस्तीवर राहते. पाथर्डीहून दक्षिणेला निघाले, की गर्भगिरीचा डोंगर आडवा येतो. एका अंगाला मोहट्याच्या देवीचा गड, दुसऱ्या अंगाला मढीचा कानिफनाथ आणि त्याच्याही पलीकडे वृद्धेश्वर. हा सगळा नाथांचा आणि देवीचा डोंगर. माणिकदौंडीचा घाट चढून वर गेले, की पावसाळ्यानंतरचे दोनतीन महिने हा मुलूख इतका हिरवा दिसतो, की परका मनुष्य याला दुष्काळी म्हणायला धजणार नाही. उन्हाळ्यात त्याला खात्री पटते. डांबरी सडकेपासून आमची वस्ती सव्वा किलोमीटर आत. मधे एक ओढा. वर्षातले दहा महिने तो कोरडा असतो आणि उरलेल्या दोन महिन्यांत त्या दहांची भरपाई करतो. शिवाय वाट कच्ची. बैलगाडीच्या चाकोऱ्या दोन्ही बाजूंना खोल आणि मधे उंच वरंबा. बैठ्या गाडीचे पोट त्या वरंब्यावर टेकते.

आईचे गुडघे गेले आहेत. ती आणि वडील वीसबावीस वर्षे ऊसतोडीला जात होते. दिवाळी झाली की आमच्या तालुक्यातली गावेच्या गावे रिकामी होतात, हे वाचकांनी ऐकले असेल. मी त्या रिकाम्या गावात आजीपाशी राहून शिकलेला मुलगा आहे. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचे, असे दिवसातून किती वेळा आणि किती हंगाम, याचा हिशेब तिच्या गुडघ्यांनी ठेवला आहे. मुक्कामाला ती पाथर्डीला यायला तयार नाही. आठ दिवस झाले, की तिला शेळ्या आठवतात. पण दर महिन्याला दवाखान्यात तर आणावेच लागते.

२०२४ च्या पावसाळ्यात एका रात्री तिला धाप लागली. चुलतभावाचा फोन आला तेव्हा मी पाथर्डीत, आणि दाराशी माझी फटफटी. ओळखीच्या एकाची जीप भाड्याने काढली. जीप ओढ्यातून थेट दारापर्यंत गेली. आणि दारात अडली! आईला पाय वर उचलता येईना. आम्ही दोघांनी तिला धान्याच्या पोत्यासारखी उचलून आत ठेवली. ती काही बोलली नाही. दवाखान्यात दोन दिवसांनी बरे वाटल्यावर म्हणाली, "मेलं माणूस उचलत्यात तसं उचललं रं मला."

म्हणजे अडचण अशी : जीप दारापर्यंत जाते, पण आई जीपमध्ये चढत नाही, वॅगनमध्ये आई बसते, पण वॅगन दारापर्यंत जात नाही.

मी मोजमापाची टेप घेऊन दोन्ही गाड्या पाहायला नगरला गेलो. विक्रेत्याला वाटले, हा सुतार असावा. जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतची उंची पाहिली, तर त्या दोन गाड्यांत फरक निघाला जेमतेम दीड सेंटिमीटरचा. आमच्याकडची बाजरीची भाकर एवढी जाड असते! माझा विश्वास बसेना. मग गावातल्या एका जुन्या मिस्त्रीने समजावले, की उंचीचा आकडा हा रिकाम्या गाडीचा. मागे तीन माणसे आणि दोन पोती टाकली, की वॅगनच्या स्प्रिंगा बसतात. जीपच्या पाठीमागे पाटे असतात, ते ओझ्याला तितके दबत नाहीत. शिवाय जीपची ताकद मागच्या चाकांना. चढावर वजन मागे जाते, त्यामुळे तीच चाके जमिनीला घट्ट धरतात. वॅगन पुढच्या चाकांनी ओढते, आणि चढावर नेमकी तीच हलकी होतात. "सर, रिकाम्या गाडीचं कौतिक नका सांगू," तो म्हणाला.

दुसरे माप घेतले ते बैठकीचे. जीपच्या तळाशी चढायला मोठी पायरी. वॅगनची बैठक बरोबर मांडीच्या उंचीला. पाठ करून टेकायचे आणि पाय आत घ्यायचे. आई ओट्यावर जशी बसते, तशीच. जुन्या लांबट वॅगन यालाही उपयोगाच्या नव्हत्या. त्यांत खाली वाकून शिरावे लागे आणि उठताना गुडघ्यांची परीक्षा. तेव्हा वंश खुजा आणि उभट झाला, ते आमच्या पथ्यावरच पडले म्हणायचे.

सरकारने याहून निराळी मापे काढली आहेत. २००६ पासून चार मीटरच्या आतल्या छोट्या गाडीला कर कमी, म्हणून कारखानदारांनी जीपादेखील कापूनकुपून चार मीटरच्या आत बसवल्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाडीवरचा कर १८ टक्क्यांवर आला. आम्ही गाडी घेतली ती त्याच्या सहा महिने आधी, २८ टक्के आणि वर उपकर भरून. यावर सौभाग्यवती अजूनही अधूनमधून बोलते.

होळीनंतर मढीची यात्रा भरली. पाडव्यापर्यंत चालणारी ही यात्रा भटक्या लोकांची म्हणून ओळखली जाते आणि तिथे गाढवांचा मोठा बाजार असतो. काठेवाडी गाढवे उंच, पांढुरकी आणि महाग. गावठी ती बुटकी, मळकट. आईला नाथाला जायचे होते. परतताना एका झाडाखाली ती बाजार बघत बसली. एक वीटभट्टीवाला गाढव निवडत होता. त्याने दात पाहिले, खूर पाहिले, पाठीवर थाप मारली आणि शेवटी बुटके गाढव घेतले. मी सहज विचारले, तर तो म्हणाला, "त्या उंचावर बाया माणसांस्नी पाटी ठेवता येत न्हाई."

आईने माझ्याकडे पाहिले. मी जीपचे नाव सोडले, असे सांगितले तर गोष्ट छान जमते. परंतु तसे झाले नाही. घरी येऊन मी पुन्हा हप्त्यांची आकडेमोड जीपच्याच बाजूने करू लागलो. मला ती गाडी हवी होती. ज्या गावातून माझे आईवडील मुकादमाच्या ट्रकमध्ये बोचकी होऊन गेले, त्या गावात मला उंचावर बसून यायचे होते. इतके साधे आहे ते, आणि चाळिशी उलटलेल्या एम.ए. माणसाने सांगायला थोडे लाजिरवाणे.

आईने एवढेच विचारले, "ह्या गाडीला उचल किती घ्यावी लागंल?"

उचल! मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेला पैसा. तो फिटेपर्यंत पुढचा हंगाम बांधलेला. बँकेच्या कर्जाला हा शब्द मी कधी लावला नव्हता. मी सांगितले, सात वर्षांचे हप्ते. "सात हंगाम," ती म्हणाली, आणि शेण भरायला उठली. वॅगनला किती, तेही तिने विचारले नाही.

दोन्हींच्या किमतीत साडेतीन लाखांचे अंतर होते. तो आकडा वहीत पाहता पाहता सौभाग्यवतीच म्हणाली, "यातल्या अर्ध्यात ओढ्यावर नळ्या बसतील की." पाडव्याला वॅगन आली. एप्रिलात मोठ्या व्यासाच्या सिमेंटच्या नळ्या आणल्या. मुरमाच्या परवानगीचा कागद मिळवायला जितके दिवस लागले, तितक्यात मी एक प्रबंध तपासून झाला असता. शेवटी रॉयल्टी भरून ट्रॅक्टरच्या बेचाळीस खेपा टाकल्या. ऊसतोडीची माणसे नुकतीच परतली होती. बांधावरून दोन भाऊबंदांत जुनी धुसफूस होती, ती मिटवायला आईला दोघांच्याही ओट्यावर जाऊन बसावे लागले. ती वॅगनमध्येच गेली. ज्याची वाट, त्याने मुरूम पसरायचा, असे ठरले. नऊ घरांची माणसे फावडी घेऊन आली. मेहुणे आले, कामावर चार तास उभे राहिले आणि म्हणाले, "भावजी, आता या रस्त्यावरून जीप काय सुंदर जाईल!"

२०२५ च्या सप्टेंबरात आमच्या तालुक्यावर जो पाऊस कोसळला, त्याने रानेच्या राने खरवडून नेली. आमचा निम्मा मुरूमही गेला. दोन दिवस ओढ्याचे पाणी नळ्यांवरून वाहत होते आणि मी वॅगन सडकेला लावून अलीकडे उभा होतो. तिथे जीपही काही करू शकली नसती, असे मी स्वतःला सांगत होतो. ते खरे की खोटे, हे पडताळायला जीप नव्हती. तिसऱ्या दिवशी पाणी उतरले. नळ्या जागच्या जागी होत्या. मुरमाच्या अकरा खेपा पुन्हा टाकल्या, त्या वेळी पैसे माझ्या एकट्याचे नव्हते.

दिवाळी सरली आणि मुकादमाचा ट्रक आला. दर साली तो सडकेवर उभा राहायचा आणि वस्तीवरची माणसे भांडीकुंडी, पोरे, अंथरुणे डोक्यावर घेऊन ओढा ओलांडायची. या खेपेला तो नव्या वाटेने थेट वस्तीवर आला. ट्रक भरला. शेजारची म्हातारी आणि दोन नातवंडे मागे राहणार होती, ती तिच्या लेकीकडे फाट्याजवळच्या गावात. ट्रकमध्ये त्यांना जागा नव्हती. आईला दवाखान्यात न्यायला मी आलोच होतो. आई पुढच्या बैठकीवर टेकली, पाय आत घेतले आणि म्हणाली, "घे त्यांला मागं. बाजरीचं पोतं बी घे."

मागचे दार उघडून पोते आत ढकलले, त्यावर दोन गाठोडी आणि एक पत्र्याची पेटी. वाघीण मागून बसली. ओढ्यावरच्या उंचवट्याशी आलो तेव्हा पहिल्या गिअरमध्येही पुढची चाके क्षणभर नुसतीच फिरली, मग धरली, आणि खालून खर्रकन आवाज आला.

"लागलं का रं कुठं?" आईने विचारले.

"नाही. खालचा पत्रा घासला."

"मग चल की."