दम

सहामाही परीक्षा आटोपली, की दिवाळीच्या सुट्टीपर्यंतचे दोनचार दिवस शिक्षकाला फार जड जातात. मुले वर्गात असतात. त्यांची मने फटाक्यांच्या दुकानात. अशा वेळी मी एखादा शब्द फळ्यावर लिहितो आणि त्याचा वाक्यात उपयोग करायला सांगतो. यंदा शब्द होता 'दम'. पहिल्या बाकावरच्या मुलीने लिहिले, "आजोबांना जिना चढताना दम लागतो." दुसऱ्याने लिहिले, "गुरुजींनी मला दम दिला." (ही गोष्ट खरी होती.) तिसऱ्याने लिहिले, "ईदच्या दिवशी आमच्याकडे दम बिर्याणी असते," आणि सबंध वर्गाच्या तोंडाला पाणी सुटले.

श्वास, ताकद, धीर, विश्रांती आणि धाक ही एवढी बिऱ्हाडे आपल्या भाषेने दोन अक्षरांच्या खोलीत कशी नांदवली असतील, याचे मला नवल वाटते. परंतु या शब्दाचा अर्थ मला शाळेत कळला नाही. तो कळला आमच्या घराच्या तळमजल्यावर, एका जुन्या मोटारीपाशी. त्याचीच ही हकिकत.

आमचे घर भिवंडीत, कामतघरला, वऱ्हाळा तलावापासून हाकेच्या अंतरावर. वर आम्ही राहतो आणि खाली मागांचा कारखाना होता. आठ माग. भिवंडीच्या माणसाला मागांचा खडखडाट कधी ऐकू येत नाही. तो थांबला, तरच ऐकू येतो. माझे थोरले बंधू, ज्यांना मी दादा म्हणतो, ते चाळीस वर्षे जॉबर. जॉबर म्हणजे मागांचा वैद्य. आठ माग एकदम चालू असताना दादा जिन्यावरूनच सांगत, "तिसऱ्याची काठी सैल झाली आहे, बघा रे." आणि ती झालेली असे.

तीन वर्षांपूर्वी सुताचा भाव, विजेचे बिल आणि कापडाला मिळणारे दाम यांचे गणित कुठल्याही रीतीने सुटेना, तेव्हा दादांनी माग भंगारात काढले. ज्यांच्यावर दोन पिढ्या जेवल्या, ते किलोवर मोजून टेंपोत चढले. तोवर दादांच्या छातीतही बिघाड झाला होता. डॉक्टरांनी त्याचा दोष निम्मा कापसाच्या धुळीला आणि निम्मा विडीला वाटून दिला. जिन्याला चौदा पायऱ्या. दादा त्या चढताना तीन ठिकाणी थांबू लागले.

रिकामा कारखाना गोदामासाठी भाड्याने मागणारे तेव्हा दाराशी रांग लावून होते. हल्ली भिवंडीत कापडापेक्षा गोदामेच अधिक. पण त्या जागेत एके दिवशी दोरीने ओढत एक मारुती आठशे आली. आणणारा दादांचा मुलगा, घरातला बंडू. तो आय.टी.आय. झालेला, दिवसा एका गॅरेजात नोकरीला. मागाच्या पैशातून टेंपो घेऊन धंदा करावा म्हणून दादांनी त्याला काही रक्कम दिली होती. टेंपोऐवजी ही म्हातारी आलेली पाहून दादा एक शब्दही बोलले नाहीत. पुढले सात महिने ते त्याच्याशी बोललेच नाहीत. जेवताना "त्याला आमटी वाढा" असे वहिनींना सांगत, तेवढेच.

"काका, हिला मी टर्बो लावणार," बंडू मला म्हणाला. मी मॅट्रिक. माझी धाव संधी आणि समासापर्यंत. मी गंभीरपणे मान डोलावली.

पण त्याने समजावून सांगितले ते मला आजही पाठ आहे. इंजिनात पेट्रोल हवे तेवढे ओतता येते; अडते ते हवेपाशी. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे पावणेपंधरा किलो हवा लागते. इंजिन आपल्या बळावर ओढून ओढून ओढणार किती? मग जळून बाहेर फेकला जाणारा धूर असतो ना, त्याच्या वाटेत एक छोटे पंख्यासारखे चाक ठेवायचे. धुराच्या झोताने ते फिरते. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरे चाक. ते बाहेरची ताजी हवा दाबून आत कोंबते. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. "सोडलेल्या श्वासाने पुढचा श्वास घ्यायचा, काका!" साधा माग मिनिटाला दीडशेच्या आसपास धोटे मारतो, हे चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते. मुठीएवढे ते चाक हातात घेऊन मी फुंकर मारली आणि ते फिरले, तेव्हा मला माझ्या वयाचा विसर पडला.

ही युक्ती जुनी आहे. आल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस इंजिनिअरने १९०५ साली तिचे पेटंट घेतले. आधी ती मोठ्या डिझेल इंजिनांना लाभली. रस्त्यावरच्या मोटारीत ती १९६२ साली अमेरिकेत आली. त्यातल्या ओल्ड्समोबिल जेटफायर गाडीत आतला ताप आवरण्यासाठी पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीत भरावे लागे, आणि घेणारे ते भरायला विसरत. माणसाला ताकद हवी असते. तिचे पथ्य नको असते. आपल्या मारुती आठशेच्या जपानी बहिणीने, सुझुकी आल्टोने, १९८७ साली अवघ्या ५४३ सीसीच्या इंजिनातून टर्बोच्या जोरावर ६४ अश्वशक्ती काढली. आपली मारुती ७९६ सीसीची, तीन सिलिंडरांची. तिची ताकद अवघी सदतीसच्या आसपास. बंडूच्या डोक्यात हे आकडे घोळू लागले, यात त्याचा काय दोष?

पहिला टर्बो त्याने भंगारातून आणला तो ट्रकचा. भिवंडीत ट्रकच्या सामानाला तोटा नाही. पण तीन सिलिंडरांच्या धुराने ते धूड हलेना. पाच वर्षांच्या पोरीला दळणाच्या जात्यावर बसवावे, तसे झाले. मग एका छोट्या डिझेल मोटारीचा टर्बो मिळाला. डिझेलपेक्षा पेट्रोलचा धूर अधिक तापतो, म्हणून त्याला जपावे लागणार होते. शिवाय हवा दाबली की तापते. सायकलचा पंप मारताना त्याचे तोंड चटका देते, तसे. तापलेली हवा विरळ, म्हणून ती थंड करायला पुढे जाळीचा कूलर. तेलाची वेगळी नळी, पेट्रोल मोजून सोडणारी वेगळी यंत्रणा. पैसे संपले. त्याच सुमारास माझ्या कादंबरीचे मानधन आले. ते मी दादांच्या नकळत बंडूला दिले. वाचकहो, माझ्या साहित्याला इतका जोर पूर्वी कधी आला नव्हता.

दादांपुढे बंडूची वकिली करायची म्हणून मी दाखले गोळा करू लागलो. इचलकरंजी हेही आपल्यासारखेच मागांचे गाव. तिथले शंकरराव कुलकर्णी फारसे शिकलेले नव्हते. पण त्यांनी १९४९ साली स्वतःची छोटी मोटार बनवली आणि पुढे पाव शतक ती सुधारत राहिले. तिचे नाव 'मीरा'. सामान्य माणसाला बारा हजारांत गाडी द्यावी, असे त्यांचे स्वप्न होते. गाडी धावली, कारखान्याची परवानगी मात्र मिळाली नाही. आणि अगदी अलीकडे, २०२१ साली, सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून छोटी जीप केली. यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव तेच. ही जीप चालू करायची मोटारसायकलसारखी, लाथ मारून. ती कायद्यात बसणार नाही हे जाणून आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली, आणि २०२२च्या जानेवारीत ती दिलीही.

हे सगळे मी एका रात्री दादांना ऐकवले. दादा ऐकून म्हणाले, "त्या दोघांनी घरची माणसं बसवायला गाडी केली. हा कशाला करतोय?" माझ्याजवळ उत्तर नव्हते.

गाडी सुरू झाली त्या दिवशी खालून असा आवाज आला, की वहिनींच्या फडताळातली भांडी थरथरली. बंडूने आधी पाच पौंड दाब ठेवला होता. मग तरुण माणसाने करायचे तेच त्याने केले; नऊ केला. दादा वर खाटेवर पडून होते. एकदम उठून बसले आणि मला म्हणाले, "त्याला म्हणावं, आत खडे वाजताहेत. दाब उतरव." मी खाली जाऊन निरोप सांगितला. बंडू हसला. "काका, बाबांना मागाचं कळतं." तिसऱ्या दिवशी एक पिस्टन फुटला. दाब आणि ताप वाढला, की पेट्रोल ठिणगीच्या आज्ञेची वाट न पाहता आपणच पेट घेते. त्याचा तो आवाज, डब्यात खडे घातल्यासारखा. चाळीस वर्षे ज्याने आवाजावरून रोग ओळखला, त्या कानाला यंत्राची जात परकी नव्हती.

इंजिन पुन्हा बांधले, दाब पाचावर आला. पण आता गाडीची कीर्ती नाक्यापर्यंत गेली होती. नाशिक महामार्गावर, रात्री दोनला, दुसऱ्या एका गाडीशी पैज ठरली. हे मला कळले ते बंडूच्या दोस्ताच्या तोंडून. मी बंडूला आडवले. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे बावन्नावे कलम सांगितले. कारखान्याने दिलेली मूळ ठेवण मालकाला बदलता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०१९च्या जानेवारीत म्हटले आहे, तेही सांगितले. तो म्हणाला, "काका, नाही गेलो तर म्हणतील, याच्यात दम नाही."

त्या क्षणी मला माझी खरी लाज वाटली. वर्गात मी 'धीर धरी' शिकवत होतो आणि घरी या वेगाला पैसे पुरवत होतो. रात्री साडेबाराला मी दादांना उठवले आणि मानधनासकट सारे सांगून टाकले.

दादा जिना उतरले. उतरतानाही दोनदा थांबले. बंडू चाकांत हवा भरत होता. सात महिन्यांनंतर ते त्याच्याशी पहिले वाक्य बोलले, "थांबते का?"

"काय, बाबा?"

"गाडी. पळते हे कळलं, सगळ्या कामतघरला कळलं. थांबते का?"

बंडू गप्प. ब्रेक जुनेच होते. सदतीस अश्वशक्तीच्या जिवाला पुरतील एवढे. वेग दुप्पट झाला, की ब्रेक दाबल्यावर थांबायला चौपट अंतर लागते, हे गणित त्यालाही ठाऊक होते. पण सारा पैसा पळण्यात गेला होता.

दादांनी कोनाड्यातून फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू काढली. बोटभर लांबीचा तीन दातांचा लोखंडी काटा. माग विकताना तेवढाच त्यांनी मागे ठेवला होता. "हा आडव्या धाग्यावर नजर ठेवतो," ते म्हणाले. मधे दम लागत होता, तरी बोलत राहिले. "धागा तुटला, की हा माग बंद पाडतो. हा नसला, तर माग धाग्याशिवायच नाचत राहील आणि ठाण फुकट जाईल. माग पळतो म्हणून चांगला नसतो रे. चुकलं की थांबतो, म्हणून चांगला." मग ते तिथेच स्टुलावर बसले. छाती भात्यासारखी हलत होती. बंडूने पंप खाली ठेवला आणि पाणी आणले. रात्रीचे दोन वाजून गेले. कुणी उठले नाही.

नाक्यावर पोरांनी बंडूला काय काय म्हटले ते मी इथे लिहीत नाही. त्याने ते ऐकून घेतले. पुढचे चार महिने इंजिनाला हात लावला नाही. पुढच्या चाकांना मोठ्या गाडीच्या जाड तबकड्या, नवे पॅड, नव्या नळ्या, नवे तेल, एवढेच. ती गाडी आता रस्त्यावर जात नाही. ओळखीच्या एका गोदामाच्या बंद आवारात तिची परीक्षा झाली. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा गाड्यांच्या रीतसर शर्यती झालेल्या आहेत. तशी एखादी पुन्हा भरली, तर टेंपोत घालून न्यायची, असे ठरले आहे. टेंपो मात्र त्याने खरेच घेतला, कर्ज काढून.

गोदामाच्या आवारात पहिल्या खेपेला बंडूशेजारी दादा बसले. गाडी सुटली, मागे धूळ उठली, आणि भिंतीच्या खूप अलीकडे ती जमिनीत रुतल्यासारखी उभी राहिली. दादा उतरले आणि मला म्हणाले, "तुझ्या कादंबरीचा एवढा तरी उपयोग झाला." समीक्षकांनी माझ्याविषयी याहून बरे काही लिहिलेले नाही.

मी दार लावून निघणार, तोच पाहिले की इंजिन चालूच आहे. "बंद कर ना रे," मी म्हणालो.

"लगेच नाही करायचं, काका," बंडू म्हणाला. "टर्बो तापलेला असतो. एकदम बंद केलं, तर आतलं तेल तिथंच जळतं. मिनिटभर दम खाऊ द्यायचा."

घरी आलो. दादा जिना चढू लागले. पाचव्या पायरीवर थांबले. मागून येणारा बंडू पूर्वी अशा वेळी बाजूने सटकून वर जाई. आज तोही एक पायरी खाली, कठड्याला हात लावून उभा राहिला आणि दादा पुढे निघेपर्यंत हलला नाही.