नट खालूनच आवळावा लागतो

लोखंडी गर्डरवर लाकूड बसवण्याचे काम आपल्या चळवळीत चर्चेचा विषय कधी होत नाही. मी फॅब्रिकेशनच्या धंद्यात पोट भरतो, म्हणून सांगतो, व्हायला हवा. "आता कामात जात कुठे राहिली?" असे विचारणाऱ्यांनी हा एक जोड नीट पाहावा.

मुळशी-लोणावळ्याकडे फार्महाऊसपुढे उघड्यावर डेक बांधतात. खाली लोखंडी गर्डर, वर लाकडी वासे, त्यावर फळ्या. जाड लोखंडात खिळा जात नाही. म्हणून गर्डरच्या वरच्या फ्लँजवर आधी जाड लाकडी पट्टी बोल्टने आवळतात आणि वासे त्या पट्टीला ठोकतात. सगळा डेक त्या पट्टीच्या भरवशावर असतो.

हे काम नीट करायचे तर भोके ड्रिलने मारावीत, गॅसने जाळून नव्हे. ती मधल्या उभ्या पत्र्याच्या दोन्ही बाजूंना, एकाआड एक यावीत. गर्डर आधाराच्या पुढे निघालेला असेल, तर तिथे वरच्या फ्लँजवर ताण येतो. अशा जागी इंजिनिअरला विचारल्याशिवाय भोक मारू नये. भोकाच्या कडेला पुन्हा रंग लावावा. लोखंड आणि लाकूड यांच्यामध्ये डांबरी पट्टी घालावी, नाहीतर पावसाचे पाणी अडकून लोखंड गंजते आणि लाकूड कुजते. तांब्याचे क्षार असलेले औषध मारलेले लाकूड तर साधे बोल्ट लवकर खाते. तिथे जाड जस्ताचा मुलामा दिलेले किंवा स्टेनलेसचे बोल्ट लागतात. लाकूड वाळले की आक्रसते, म्हणून काही महिन्यांनी नट पुन्हा आवळावे लागतात.

आता मुद्द्यावर येतो. बोल्ट वरून घातला तरी नट खालूनच आवळावा लागतो. म्हणजे गर्डरखाली, उताराच्या बाजूला, मचाणावर एक माणूस लागतो. मान वर, हात वर, डोळ्यांत लोखंडाचा कीस. मी ज्या साइटवर काम केले, तिथे तो माणूस बहुतेक वेळा आपल्या वस्तीतला, भटक्या समाजातला किंवा आदिवासी पाड्यावरचा असतो. त्याचे नाव 'हेल्पर'. मजुरी सर्वांत कमी, पट्टा नाही, चष्मा नाही.

आणि ठेकेदाराला पैसे वाचवायचे असतात तेव्हा पहिल्यांदा हाच माणूस आणि त्याचे मचाण कापले जाते. मग बोल्टऐवजी वरूनच स्क्रू मारतात. स्क्रू वाईट नाही. पण तो फ्लँजच्या जाडीला भेदणारा आणि उघड्या हवेत टिकणारा हवा. हातात येईल तो मारला, की टोक जळते, पकड अर्धी राहते.

अशाच एका डेकच्या फळ्या दोन पावसाळ्यांनंतर हलू लागल्या. बैठक झाली. वेल्डर म्हणाला, माझे लोखंड सरळ आहे. सुतार म्हणाला, माझे लाकूड चांगले आहे. नकाशात त्या जोडापुढे 'साइटवर ठरवावे' एवढेच लिहिलेले. शेवटी दोष आला हेल्परवर आणि त्याची पंधरा दिवसांची मजुरी अडकली. तो बैठकीला नव्हताच. त्याला कुणी बोलावलेच नव्हते.

बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे विध्वंसन' १९३६ साली लिहिले. कामे वाटून घेणे वेगळे आणि काम करणाऱ्या माणसांनाच एकमेकांपासून तोडून वर-खाली रचणे वेगळे, हा भेद त्यांनी त्यात दाखवला. त्याच वर्षी त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. जातीचा प्रश्न आणि मजुराचा प्रश्न त्यांच्यासाठी दोन नव्हते. त्या बैठकीत मला तीच रचना दिसली. लोखंडवाला लाकडाबद्दल बोलत नाही, लाकूडवाला लोखंडाबद्दल बोलत नाही आणि दोघांना जोडणाऱ्याला कुणी विचारत नाही. खरे तर जोड ढिला आहे हे सर्वांत आधी त्यालाच कळते, कारण पाना त्याच्या हातात असतो.

कुणी म्हणेल, आज कुणीही वेल्डर होऊ शकतो. होऊ शकतो, आमची काही मुले आयटीआय करून झालीही. पण दहा वर्षे नट आवळणाऱ्याला 'हेल्पर' हेच नाव राहत असेल, तर ते कौशल्याचे मोजमाप नव्हे. ती पायरी आहे.

म्हणून मागण्या साध्या आहेत. जोड कसा करायचा हे नकाशात लिहा. मचाण, पट्टा आणि चष्मा यांचा खर्च अंदाजपत्रकात वेगळा दाखवा. खालून काम करणाऱ्याला कुशल कामगाराची मजुरी द्या. दोष ठरवायचा असेल तर त्याला समोर बसवा. आणि आपल्या कार्यकर्त्यांनी जयंतीच्या वर्गणीसाठी वस्तीत फिरताना एवढे विचारावे: बांधकाम कामगार म्हणून तुझी नोंदणी झाली का, ९० दिवस काम केल्याचा दाखला ठेकेदाराने दिला का? पुष्कळांना तो मिळत नाही. दाखला नाही म्हणजे कल्याण मंडळाचा लाभ नाही आणि उद्या मचाणावरून पडला, तर तो त्या साइटवर होता याचा कागदही नाही.

तो कागद मिळवून देणे हेही आंबेडकरी काम आहे.

जय भीम.